आखाड्यावर छऱ्याची बंदूक वापरावी का? आधी एवढे पाहा

सोयाबीनची रास घरात आली, कडब्याच्या गंजी लागल्या, की गंगाखेड परिसरातल्या वाचकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. ‘गोदामात घुशी माजल्या आहेत, बारीक छऱ्याचे छोटे काडतूस मिळते म्हणतात, ते वापरले तर चालेल का?’ ‘आखाड्यावर नाग फिरतो, छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागतो का?’ ‘डुकरे मारायला सरकारनेच मोकळीक दिली आहे ना?’ मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहून हे प्रश्न आणखी वाढले आहेत. तिथला माणूस खिशातून बोटभर काडतूस काढतो, दहा फुटांवरचा उंदीर टिपतो आणि विषय संपतो.

आपल्याकडे तो तिथे संपत नाही. उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे: प्राणी कोणता, हत्यार कोणते आणि जागा कोणती. याच क्रमाने विचार केलात तर बहुतेकांना बंदुकीची गरजच उरणार नाही, आणि ज्यांना उरेल त्यांना कोणत्या कार्यालयाची पायरी चढायची ते कळेल.

हे छोटे काडतूस नेमके करते काय?

आपल्याकडच्या बारा बोरच्या काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मधोमध असते. पॉइंट टू-टू (.२२) रिमफायर काडतुसात तो मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि घोडा त्या काठावर आपटतो. एरवी या काडतुसात शिशाची एकच छोटी गोळी असते. छऱ्याच्या प्रकारात गोळीऐवजी बारा नंबरचे, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचे छर्रे असतात. सगळे मिळून वजन सुमारे दोन ग्रॅम. बारा बोरच्या साध्या काडतुसात तीस ग्रॅमच्या आसपास छर्रे असतात, यावरून ताकदीचा अंदाज घ्या.

अमेरिकेत याला ‘स्नेक शॉट’ किंवा ‘रॅट शॉट’ म्हणतात. युरोपात अशाच कामासाठी नऊ मिलिमीटरच्या गुळगुळीत नळीच्या ‘गार्डन गन’ निघाल्या. पॉइंट टू-टूची रायफल किंवा रिव्हॉल्व्हर मात्र आतून आटे पाडलेले असते. त्या आट्यांमुळे छर्रे फिरत बाहेर पडतात आणि लगेच पांगतात. साधारण दहा फुटांपर्यंत ते एकत्र असतात. पुढे त्यांच्यात एवढी मोकळी जागा पडते की उंदीर त्यातून जखमी होऊन निसटतो. आपल्याकडची मोठी घूस अर्धा-एक किलोची भरते, तिला हा मारा दहा फुटांवरही अपुरा पडू शकतो. रानडुकराच्या कातडीवर तर तो वाया जातो, आणि दुखावलेले डुक्कर माणसावर चालून येते.

म्हणजे या काडतुसाला योग्य प्रसंग एकच: परवान्याचे हत्यार, दहा फुटांच्या आतला उंदीर आणि मागे मऊ माती. आता आपली गोदामे पाहा.

- पत्रे आणि काँक्रीट. बारीक छर्रे कठीण पृष्ठभागावरून उलटे उडतात. डोळा जायला एक छर्रा पुरतो. जवळून मारल्यास पातळ पत्र्याला टोचे पडतात आणि पावसाळ्यात तिथूनच पोती भिजतात.
- कापूस. ज्या खोलीत कापूस किंवा सरकी साठवली आहे, जिथे हवेत तंतू उडतात, तिथे बार काढणे म्हणजे आगीला बोलावणे. याला अपवाद नाही.
- धान्य. छर्रे शिशाचे असतात. पोत्यात शिरलेला छर्रा चाळणीने निघेलच असे नाही, आणि शिसे पोटात जाणे लेकरांना सर्वांत घातक.
- वायरी. गोदामातल्या उंदरांच्या वाटा भिंतीच्या कडेने आणि वरच्या वाशांवरून असतात. विजेच्या वायरीही तिथूनच गेलेल्या असतात.

माझे मत स्पष्ट आहे. गोदामातल्या उंदरांसाठी कोणत्याही प्रकारची बंदूक हे चुकीचे साधन आहे. परवाना असला तरीही.

‘छऱ्याची बंदूक’ म्हणजे तुमच्याकडे नेमके काय आहे?

गावात चार वेगवेगळ्या हत्यारांना हेच नाव आहे, आणि निम्मा गोंधळ तिथूनच होतो.

- हवेची बंदूक (एअरगन). नळी .१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. यापेक्षा मोठी नळी किंवा जास्त ताकद असेल तर लागतो. घेताना पावतीवर हे दोन्ही आकडे लिहून घ्या.
- ठासणीची बंदूक. तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची. परवाना लागतोच. ‘आजोबांची आहे, चालतही नाही’ हे उत्तर पोलिसांपुढे टिकत नाही.
- बारा बोर. परवाना लागतो.
- पॉइंट टू-टू. रायफल असो वा रिव्हॉल्व्हर, परवाना लागतो. काडतूस छऱ्याचे आहे म्हणून सूट नाही.

इथे बरेच वाचक फसतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ मध्ये बंदुकीइतकाच काडतुसालाही परवाना आवश्यक आहे. परवान्यावर हत्याराचा बोअर, एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेले असते. त्याबाहेरचे एक काडतूसही बेकायदा ठरते. विनापरवाना बंदूक किंवा काडतूस बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आणि दंड आहे. समाजमाध्यमांवर ‘स्नेक शॉट’ विकायला काढणाऱ्यांच्या नादी लागू नका. रिकाम्या पुंगळ्या घरी भरून देणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याच्यापासून दूर राहा. विनापरवाना दारूगोळा तयार करण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे.

आणि हवेच्या बंदुकीला परवाना नाही याचा अर्थ तिने काहीही मारता येते असा नाही. हत्याराचा कायदा वेगळा, प्राण्याचा वेगळा.

प्राणी कोणता, यावर तुमचा हक्क ठरतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती, ती निघाली. जुन्या माहितीवर विसंबून राहू नका.

- घरातले उंदीर, घुशी: मारायला वनखात्याची परवानगी लागत नाही.
- नाग, घोणस, धामण: पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण.
- काळवीट (आपल्या बोलण्यातले हरीण) आणि मोर: हेही पहिल्या अनुसूचीत.
- रानडुक्कर आणि रोही: दुसऱ्या अनुसूचीत. पिकाचे नुकसान होत असेल तर लेखी परवानगीने मारता येतात, परवानगीशिवाय नाही.
- कावळे आणि फळे खाणारी वटवाघळे: पूर्वी उपद्रवी यादीत होते, आता संरक्षित आहेत.

शेत तुमच्या मालकीचे आहे, पण त्यात आलेला वन्यप्राणी तुमच्या मालकीचा नाही. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात मारणे, विष घालणे, फासे लावणे आणि यातले काही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे येते. नेम चुकला म्हणून गुन्हा टळत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. इतर बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एक हक्क मात्र लक्षात ठेवा. कलम ११(२) प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, चांगल्या हेतूने प्राणी मारला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. हा हक्क अंगावर आलेल्या प्राण्यापुरता आहे. कोपऱ्यात वेटोळे घालून बसलेल्या नागासाठी तो वापरता येत नाही.

उंदीर-घुशींसाठी बंदुकीपेक्षा काय चालते

घर आणि गोदाम एकीकडे, शेत दुसरीकडे. दोन्हीची पद्धत वेगळी ठेवा, कारण घरात विष पसरून ठेवणे मला मान्य नाही.

*घरात आणि गोदामात*

आधी वाट बंद करा. लहान उंदीर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोका, खिडकी-झरोक्यांना सहा मिलिमीटरची जाळी लावा, पाइप जातात तिथली भोके सिमेंटने बुजवा. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून रचू नका. खाली लाकडी फळ्या घाला आणि भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडा, म्हणजे मागे काय चालले आहे ते दिसते. कडब्याची गंजी घराच्या भिंतीला लावू नका. उंदीर तिथेच विणतात, आणि त्यांच्यामागे साप येतो.

मग पिंजरे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री पिंजरा उघडाच, झडप न लावता ठेवा. भजी, खोबरे, शेंगदाणे घाला. खायची सवय लागली की झडप चढवा. पिंजरा खोलीच्या मध्यात ठेवू नका, भिंतीला लागून ठेवा. एक पिंजरा ठेवून आठ दिवस वाट पाहण्यापेक्षा एकाच रात्री आठ पिंजरे लावा.

विष वापरायचेच असेल तर ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या वापरा, पण झाकण असलेल्या डब्यात, ज्याला फक्त उंदीर शिरेल एवढे भोक आहे. हे विष रक्त गोठू देत नाही आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. लेकराने किंवा कुत्र्याने खाल्ले तर व्हिटॅमिन के-वन हा उतारा दवाखान्यात मिळतो. वेष्टन सोबत न्या.

दोन गोष्टी घरात आणूच नका. पहिली, पिवळ्या फॉस्फरसची उंदरांची पेस्ट. ती पोटात गेली तर यकृत निकामी होते आणि त्यावर नेमका उतारा नाही. दुसरी, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना बाजारात सल्फास म्हणतात. त्यांच्यातून विषारी वायू निघतो. झोपायच्या खोलीशेजारी धान्यात या गोळ्या ठेवल्यामुळे रात्रीत माणसे गेली आहेत. त्या वापरण्याची मुभा फक्त प्रशिक्षित, अधिकृत यंत्रणेला आहे. दुकानदार सुट्या देतो म्हणून त्या सुरक्षित होत नाहीत.

*शेतात आणि बांधावर*

इथे झिंक फॉस्फाइड चालते, पण क्रम पाळला तरच:

1. संध्याकाळी सगळी बिळे ओल्या मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच नांदती आहेत.
2. त्या बिळांत दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष टाका: ज्वारी किंवा गव्हाचा भरडा आणि थोडे गोडेतेल.
3. मग विषारी आमिष करा. एक किलोसाठी ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड. हातमोजे घाला, काठीने कालवा आणि पाणी लावू नका, कारण ओलाव्याने विषारी वायू सुटतो.
4. सुमारे दहा ग्रॅमची पुडी बिळात खोलवर सरकवा. उघड्यावर टाकली तर मोर आणि कुत्री मरतात.
5. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर आणि उरलेले आमिष खोल पुरा आणि बिळे बुजवा.

वाचलेले उंदीर पुन्हा या आमिषाला तोंड लावत नाहीत. आठवड्याने त्यांच्यासाठी ब्रोमॅडिओलोन वापरा. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, म्हणून डबा कुलुपात ठेवा.

एकट्याने केलेल्या कामाचा उपयोग महिनाभर टिकतो, नंतर शेजारच्या बांधावरून उंदीर येतात. मे-जूनमध्ये, पेरणीच्या आधी, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात हे केले तर खरा फरक पडतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा तालुका कृषी कार्यालयात गावाच्या वतीने मागणी केलीत तर मार्गदर्शन मिळू शकते.

साप दिसला तर

छऱ्याच्या काडतुसाचा मारा दहा फुटांचा. म्हणजे ते वापरायला तुम्हाला सापाच्या जवळ जावे लागते. उलट दोन पावले मागे सरकलात तर तुम्ही त्याच्या टप्प्याबाहेर जाता. सापाला मारायला किंवा पकडायला गेलेल्या माणसालाच दंश होण्याची भीती सर्वांत जास्त असते.

- लेकरे आणि जनावरे दूर न्या. एकाने लांबून नजर ठेवा, म्हणजे साप कुठे गेला ते कळते.
- वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनखात्याशी संपर्कात असलेल्या सर्पमित्राला फोन करा. साप हातात धरून खेळ करणारा, व्हिडिओ काढणारा माणूस बोलावू नका.
- धामण असेल तर तिला जाऊ द्या. गोदामाभोवती तिच्याइतके काम तुमचा पिंजरा करत नाही.

दंश झालाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, अंगठी-कडे काढा आणि १०८ ची वाट पाहण्यात वेळ जात असेल तर मिळेल त्या गाडीने गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच सर्पविषप्रतिबंधक लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूणही धड दिसत नाही. सुगीत आखाड्यावर मुक्काम असेल तर बाजेवर, मच्छरदाणी खोचून झोपा.

सर्पदंशाने शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातली व्यक्ती दगावली तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी दवाखान्यातली कागदपत्रे लागतात. मांत्रिकाकडे नेलेल्या माणसाचा जीवही जातो आणि कागदही होत नाही.

डुकरे, रोही, हरणे: परवानगी आणि भरपाई

पिंपळदरी-राणीसावरगावच्या डोंगरपट्ट्यातून उतरणारी डुकरे आणि गोदाकाठच्या उसात ठाण मांडून बसलेली डुकरे, दोन्हीकडचा त्रास खरा आहे. रात्र-रात्र जागल करून कमावलेला हुरड्यातला प्लॉट एका रात्रीत लोळवलेला पाहिला की माणूस बंदुकीचा विचार करतो, हे मी समजू शकतो. पण ‘रानडुक्कर उपद्रवी जाहीर झाले’ ही बातमी आपली नव्हती. केंद्राने २०१५-१६ मध्ये कलम ६२ खाली तशा अधिसूचना काढल्या त्या बिहार आणि उत्तराखंडसाठी, तेही ठरावीक भागापुरत्या आणि मुदतीपुरत्या.

महाराष्ट्रात वाट आहे ती कलम ११(१)(ख)ची. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. २०१५ च्या शासन आदेशाने रानडुक्कर आणि रोह्यांसाठी हा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करण्याची सोय झाली. अर्ज करताना:

- गट क्रमांक, पीक, नुकसानीच्या तारखा आणि फोटो जोडा.
- अर्जाची पोच घ्याच. तोंडी ‘बघा काय ते’ ही परवानगी नव्हे.
- आज कोणत्या अटी लागू आहेत, कोण मारू शकतो, किती दिवसांत, मेलेल्या प्राण्याचे काय करायचे, हे लेखी मागा. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता असतो. मांस वाटून घेतले तर परवानगी असूनही गुन्हा होतो.
- काळविटासाठी हा मार्ग बंद आहे. तिथे फक्त भरपाई आणि कुंपण.

भरपाई मागणे हा तुमचा हक्क आहे आणि बरेच जण तो सोडून देतात. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी कळवा. पंचनाम्याआधी शेत नांगरू नका. पावलांचे ठसे, उकरलेली माती, अर्धवट खाल्लेली कणसे यांचे तारीख आणि ठिकाण उमटणारे फोटो काढा. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद आणि बँक पासबुकची प्रत तयार ठेवा. ई-पीक पाहणीत तूर आणि शेतात सोयाबीन असेल तर दावा तिथेच अडकतो.

पीकविम्यातही बदल झाला आहे. खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांमुळे झालेले नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत जोड-संरक्षण म्हणून घेता येईल, असे केंद्राने जाहीर केले. राज्याने आपला जिल्हा आणि आपल्याकडचे प्राणी त्यात अधिसूचित केले आहेत का, हे विमा भरण्याआधी कृषी कार्यालयात विचारा. नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते.

राखणीसाठी सौर झटका कुंपण आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. हरभरा किंवा ज्वारीच्या कडेने काटेरी करडईचे दाट तास घ्या. परभणी विद्यापीठाच्या करडईच्या वाणांचे बी इथेच मिळते, काट्यामुळे जनावर बिचकते आणि करडईचे पीकही हाती येते.

पण कुंपणात घरगुती वीज सोडू नका. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, तुमचाच सालगडी किंवा मुलगा त्याला चिकटतो. अशा मृत्यूत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. थिमेट भरलेली फळे, गावठी बॉम्ब, वायरचे फासे हेही तितकेच बेकायदा आहेत. थिमेटवर, म्हणजे फोरेटवर, २०२० च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे.

परवाना काढायचाच असेल तर

पीकसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मागणे कायद्यात आहे. कलम १३(३) मध्ये यासाठी आधी ठासणीची बंदूक सांगितली आहे, आणि ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. आट्यांच्या नळीची पॉइंट टू-टू रायफल किंवा रिव्हॉल्व्हर ‘उंदरांसाठी, डुकरांसाठी’ म्हणून मागितले तर या तरतुदीचा आधार मिळत नाही.

- वय २१ पूर्ण हवे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, नमुना ए-१ मध्ये.
- सोबत सातबारा, नुकसानीचे जुने पंचनामे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय आणि हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. भरपाईचे अर्ज वेळेवर केले असतील तर तेच इथे तुमचा सर्वांत मजबूत पुरावा ठरतात.
- पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. गावातली भांडणे, दाखल गुन्हे, दारूची सवय, सगळे त्यात येते.
- नाकारला तर कारणे लेखी मागा. ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.
- मिळाला तर मुदत पाच वर्षांची. संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या.

पीकसंरक्षणाचा परवाना ठरलेल्या क्षेत्रापुरता असतो. ती बंदूक लग्नाच्या वरातीत नेणे, पाहुण्याला वापरायला देणे, मोंढ्यात गाडीत ठेवून फिरणे चालत नाही. हर्षभरात बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर वेळेत जमा करा आणि पावती जपून ठेवा.

वडिलांच्या नावची बंदूक घरात पडून असेल तर

हे प्रकरण फार घरांत आहे. परवानाधारक वारले की त्यांचा परवाना तुमच्या कामाचा राहत नाही. दुःखाचे दिवस असले तरी उशीर न करता बंदूक आणि काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. इतर वारसांची ना-हरकत लागते. वडील हयात असतील आणि वय ७० झाले असेल, किंवा बंदूक २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तर ते हयातीतच वारसाच्या नावे करून देऊ शकतात. ही सोय वापरा. मागे वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या प्रकरणांतून बाहेर पडणे फार कठीण जाते.

जुनी काडतुसे वापरून संपवू नका. ओल लागलेले काडतूस कधी पेटत नाही, कधी उशिरा पेटते. घोडा पडूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

परवाना आणि परवानगी, दोन्ही हातात असतील तेव्हा

- बॅटरीच्या उजेडात फक्त डोळे चमकताना दिसले म्हणून बार काढू नका. पूर्ण प्राणी दिसला पाहिजे, आणि त्याच्या मागे काय आहे तेही. उसात आणि तुरीत माणूस दिसत नाही.
- त्या रात्री जागलीवर कोण कुठे आहे हे आधी ठरवा आणि शेजारच्या आखाड्यांना फोन करून कळवा.
- बारीक छर्रे डुकरावर मारू नका. जखमी डुकराच्या मागे अंधारात जाऊ नका. सकाळी वनरक्षकाला घेऊन माग काढा.
- बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलुपात ठेवा. किल्ली लेकरांना ठाऊक नको.

एवढे करूनही कोणाला छर्रा लागला तर तो चिमट्याने उकरू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून दवाखान्यात न्या. डोळ्याला लागला असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. वर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टीने बसवा आणि थेट नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा. अंगात छर्रा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोलिसांच्या भीतीने ‘काटा लागला’ असे सांगितले तर डॉक्टर क्ष-किरण तपासणी न करता मलमपट्टी करून परत पाठवू शकतात, आणि छर्रा आतच राहतो.